वडिलांची मॉरिस मायनर : इंजिन दुरुस्त करावे की गाडी विजेवर न्यावी?

सारथी६५

नमस्कार. माझ्याकडे माझ्या वडिलांची १९६५ सालची मॉरिस मायनर आहे. गाडी दोन दारांची असून तिला १०९८ सीसीचे मूळ इंजिन आहे. वडील गेल्यानंतर ती चार वर्षे एका जागी उभी राहिली. रेडिएटरमधले पाणी काढून ठेवण्याचे माझ्या लक्षात आले नाही आणि कडाक्याच्या थंडीत ते गोठून इंजिनाच्या ब्लॉकला बाहेरच्या अंगाने वीतभर चीर गेली. पत्रा मात्र पुष्कळसा शाबूत आहे. दारांखालच्या पट्ट्या वडिलांनीच पूर्वी बदलून घेतल्या होत्या.

मला ही गाडी केवळ सुटीच्या दिवशी बाहेर काढायची नसून रोज कामावर जाण्यासाठी वापरायची आहे. जाऊन-येऊन ४४ किलोमीटर अंतर होते, रस्ता बहुतेक सपाट आहे आणि ताशी ७० किलोमीटरपेक्षा अधिक वेगाची गरज पडत नाही. इंजिन आता उतरवावे लागणारच आहे, तर त्याच्या जागी मोटर आणि बॅटरी बसवावी का, हा विचार गेले काही महिने मनात घोळतो आहे. जुन्या गाड्यांची जाण असलेल्या दोन परिचितांना विचारले. एकाने सांगितले की अपघातात सापडलेल्या एखाद्या विजेच्या गाडीची मोटर आणि पूर्ण बॅटरी उचलून हिच्यात घालावी, म्हणजे मूळच्या दुप्पट शक्ती मिळेल. दुसऱ्याने एवढेच म्हटले की असे केले तर ती वडिलांची गाडी राहणार नाही. त्याचे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

मुख्य प्रश्न ब्रेकचा आहे. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, मागे पाट्यांची स्प्रिंग आहे आणि गिअरबॉक्सही साठ वर्षांचा जुना आहे. वाढीव वजन आणि मोटरीचा जोर हे सगळे पेलेल का? माझ्या अंतराला बॅटरी किती क्षमतेची लागेल? आणि मुळात हे काम असे करता येते का, की पुढे कोणाला वाटले तर मूळ इंजिन पुन्हा त्याच जागी बसवता यावे?

जुनापाना

आपण ब्रेकबद्दल आधी विचारले आणि मोटरीबद्दल जवळजवळ विचारलेच नाही, हे वाचून बरे वाटले. मी आजवर तीन जुन्या गाड्या विजेवर नेल्या आहेत आणि प्रत्येक वेळी पैसा व वेळ सर्वांत जास्त कुठे गेला असेल, तर तो ब्रेक, सस्पेन्शन आणि बॅटरीच्या पेट्या यांवर. मोटर बसवणे हा त्यातला सोपा भाग होता.

सुरुवात वजनकाट्यापासून करावी. आपली गाडी रिकामी असताना पावणेआठशे किलोच्या आसपास भरेल. इंजिन, रेडिएटर, सायलेन्सर व त्याचा नळ, पेट्रोलची टाकी आणि सुमारे ३० लिटर पेट्रोल हे सगळे निघाले की साधारण दीडशे ते दोनशे किलो कमी होतात. हाच आपला वजनाचा हिशेब: जे काढले तेवढेच, किंवा त्याहून थोडेसेच जास्त, परत घालायचे. गाडी उघडण्यापूर्वी चारही चाकांखाली वेगवेगळे वजन मोजून ठेवावे, कारण एकूण वजनाइतकेच पुढच्या व मागच्या चाकांमधील त्याचे वाटप महत्त्वाचे असते. डिकीत दोनशे किलो बॅटरी ठेवून पुढचा भाग मोकळा सोडलेली एक मायनर मी चालवून पाहिली आहे. वळणावर तिचे स्टिअरिंग इतके हलके होत असे की चालवणाऱ्याच्या हाताला रस्ता कळेनासा होई.

या बाबतीत आपली गाडी भाग्यवान आहे. ॲलेक इसिगोनिस यांनी मायनरची रचना केली तेव्हा त्यांच्या मनात आडवे, चपटे चार सिलिंडरांचे इंजिन होते; प्रत्यक्षात १९४८ साली गाडी बाजारात आली ती उभ्या, अरुंद इंजिनासह. त्यामुळे बॉनेटखाली दोन्ही बाजूंना आजही भरपूर मोकळी जागा आहे. बॅटरीचा मोठा हिस्सा तिथे, इंजिनाच्या मूळ माउंटिंगवर टेकलेल्या चौकटीत बसवता येतो आणि उरलेला हिस्सा पेट्रोलची टाकी निघाल्यावर डिकीच्या तळाशी जातो. जॅग्वारने २०१७ साली ई-टाइप विजेवर नेऊन दाखवली तेव्हा हाच मार्ग घेतला होता. बॅटरीचा आकार मूळ सहा सिलिंडरांच्या इंजिनाएवढा ठेवून ती इंजिनाच्याच जागी बसवली, मोटर गिअरबॉक्सच्या जागी घेतली, आणि कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ती गाडी मूळ गाडीपेक्षा ४६ किलोंनी हलकी झाली. याउलट २०१९ साली फोक्सवॅगनच्या सहकार्याने तयार झालेल्या विजेच्या बीटलमध्ये ३६.८ किलोवॅट-तासांची बॅटरी आहे आणि गाडीचे वजन १,२८० किलोंवर गेले. तिथे चासी व ब्रेक दोन्ही मजबूत करावे लागले. दोन्ही वाटा चुकीच्या नाहीत. मात्र घरच्या कामशाळेत काम करणाऱ्याने पहिली वाट धरावी असे माझे स्पष्ट मत आहे.

आता जोराचा प्रश्न. आपल्या मूळ इंजिनाची शक्ती सुमारे ३६ किलोवॅट आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा पीळ, साधारण ८१ न्यूटन-मीटर आहे. जुन्या निसान लीफ या विजेच्या गाडीची मोटर अनेकजण वापरतात. पहिल्या पिढीतील ही मोटर ८० किलोवॅटची असून २८० न्यूटन-मीटर टॉर्क देते, आणि तोही जागेवरून निघतानाच. मूळ इंजिन पहिल्या गिअरमध्ये जास्तीत जास्त जेवढा पीळ मागच्या धुऱ्याकडे पाठवते, जवळजवळ तेवढाच पीळ ही मोटर गिअरबॉक्सशिवाय थेट जोडली तरी पाठवते. गिअरबॉक्स ठेवून पहिल्या गिअरमध्ये पूर्ण जोर दिला तर तो साडेतीन पटींनी वाढेल आणि गिअरचे दात किंवा मागच्या धुऱ्याचे दांडे तुटतील. म्हणून परिचितांनी सुचवलेली दुप्पट शक्ती विसरून जावी. गिअरबॉक्स ठेवायचा असेल तर कंट्रोलरमध्ये, म्हणजे मोटरीला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या यंत्रात, टॉर्कची मर्यादा शंभर न्यूटन-मीटरच्या आसपास बांधून टाकावी आणि गाडी दुसऱ्या व तिसऱ्या गिअरमध्ये चालवावी. ताशी ७० किलोमीटर वेगाला चौथ्या गिअरमध्ये मिनिटाला सुमारे २,७०० आणि तिसऱ्यात सुमारे ३,८०० फेरे पडतात; मोटरीला हा वेग अगदी सहज आहे.

मी आपल्या जागी असतो तर गिअरबॉक्स आणि क्लच दोन्ही ठेवले असते. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधूनच निघते, त्यामुळे ते यंत्र जसेच्या तसे चालत राहते. बोगद्यासारखा उंच तळ, गिअरचा दांडा, तीन पेडल, काहीही बदलावे लागत नाही. शिवाय कंट्रोलरमध्ये बिघाड होऊन मोटर आपोआप जोर देऊ लागली, तर क्लच हा हाताशी असलेला सर्वांत खात्रीचा उपाय आहे. काळजी घ्यायची ती मोटर आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या जाड पट्टीची. मूळ इंजिनात गिअरबॉक्सच्या शाफ्टचे पुढचे टोक क्रँकशाफ्टमधल्या बुशमध्ये टेकलेले असते. नव्या जोडणीतही तो आधार द्यावाच लागतो आणि दोन्ही शाफ्टचे केंद्र डायल गेजने तपासून पाच शतांश मिलिमीटरच्या आत जुळवावे लागते. हे काम अंदाजाने केले तर आवाज सुरू होतो आणि काही हजार किलोमीटरांत बेअरिंग जाते.

बॅटरीचा हिशेब स्वतः करून पाहण्यासारखा आहे. जुन्या गाड्यांचा आकार हवा कापण्याच्या दृष्टीने प्रतिकूल असतो. हवेच्या रोधाचा गुणांक ०.४८ आणि समोरचे क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर धरले, माणसासकट वजन साडेनऊशे किलो धरले, आणि बॅटरीपासून चाकापर्यंत पाचवा हिस्सा ऊर्जा वाया जाते असे मानले, तर सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरला दर किलोमीटरमागे साधारण ९० वॅट-तास लागतात आणि ताशी १०० ला १८०. वेग दुप्पटही न होता खर्च दुप्पट होतो. थांबत-निघत जाणारी वाहतूक, दिवे, थंडीत हीटर हे सगळे मिळवून आपण १३० धरू. ४४ किलोमीटरला पावणेसहा किलोवॅट-तास लागतील. म्हणजे प्रत्यक्ष वापरता येणारे ११ ते १२ किलोवॅट-तास असले तरी रोजच्या प्रवासानंतर निम्मी बॅटरी शिल्लक राहील. लीफच्या पहिल्या बॅटरीत ४८ मॉड्यूल, म्हणजे सेलचे बंद गट, असतात, प्रत्येकी सुमारे पावणेचार किलो वजनाची आणि नवी असताना अर्धा किलोवॅट-तास क्षमतेची. त्यांपैकी ३२ घेतली आणि त्यांची क्षमता तीन-चतुर्थांश उरलेली असली, तरी आपले काम होते. वजन पेट्यांसकट दीडशे किलोंच्या आसपास राहते. मोटर, कंट्रोलर व चार्जर मिळून आणखी शंभर किलो धरा. म्हणजे मूळ वजनापेक्षा वाढ पन्नास ते शंभर किलोंची, मागे एक माणूस बसल्याइतकी. यापेक्षा मोठी बॅटरी घेण्याचा मोह होईल. तो टाळावा, कारण तिचा प्रत्येक किलो ब्रेकच्या आणि पाट्यांच्या खात्यात जमा होतो.

ब्रेकबद्दल: १०९८ सीसीच्या गाडीला पुढे आठ इंची ड्रम आहेत. ते चांगल्या स्थितीत असतील तर वरच्या मर्यादेतले वजन पेलतील, पण मी ते पुढच्या बाजूला डिस्कने बदलले असते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की या गाडीचा ब्रेकचा द्रव एकाच मार्गाने वाहतो; एक नळी फुटली की चारही ब्रेक जातात. दोन स्वतंत्र मार्गांचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकचा द्रव ढकलणारा भाग) बसवणे मी अनिवार्य मानतो, गाडी विजेवर नेली तरी आणि नाही नेली तरी. वेग कमी करताना मोटर जनित्रासारखी चालवून मिळणाऱ्या ब्रेकवर विसंबू नये. बॅटरी पूर्ण भरलेली असताना तो मिळत नाही, आणि ही गाडी मागच्या चाकांवर ओढली जात असल्यामुळे ओल्या रस्त्यावर तो जास्त ठेवला तर मागची बाजू घसरते. तो अगदी सौम्य ठेवावा.

जतनकर्ता

वरचे विवेचन उत्तम आहे आणि त्यातल्या आकड्यांशी मला वाद घालायचा नाही. मला आधीच्या पायरीबद्दल लिहायचे आहे, कारण प्रश्न विचारणाऱ्यांनी इंजिन गेले असे गृहीत धरलेले दिसते.

ब्लॉकला बाहेरून गेलेली चीर म्हणजे इंजिनाचा अंत नव्हे. बीड धातूवर वेल्डिंग करणे अवघड असते, कारण तापवल्यावर शेजारी नवीन चिरा जातात. पण धातूचे टाके घालण्याची एक थंड पद्धत आहे, जिच्यात चिरेवर आडव्या कुलपासारख्या पट्ट्या ठोकून आणि मध्ये एकमेकांत गुंतणारे स्क्रू भरून ती बंद करतात. पाण्याच्या कप्प्याची बाहेरची भिंत हा या पद्धतीचा अगदी नेहमीचा विषय आहे. चीर सिलिंडरच्या भिंतीत किंवा बेअरिंगच्या आधारात शिरली असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून निर्णयापूर्वी ब्लॉक दाबाखाली तपासून घ्यावा. हे ए-मालिकेतील इंजिन १९५१ पासून २००० सालापर्यंत वेगवेगळ्या रूपांत बनत राहिले. त्याचे सुटे भाग आणि ते जाणणारी माणसे आजही सापडतात. एखाद्या दुर्मीळ गाडीचे इंजिन गेल्यावर माणूस जसा हतबल होतो, तशी आपली स्थिती नाही.

दुसरा मुद्दा गाडी या वस्तूच्या स्वरूपाचा आहे. जुनी गाडी हा केवळ सुंदर पत्रा नसतो. किल्ली फिरवल्यावर पेट्रोलच्या विजेच्या पंपाची टकटक ऐकू येणे, चोक ओढणे, इंजिन तापेपर्यंत थांबणे, पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअरचे वेग आपोआप जुळवणारी रचना) नसल्यामुळे गाडी पूर्ण थांबल्यावरच तो टाकणे, यांतून त्या काळातला माणूस यंत्राशी कसा वागत होता ते कळते. एखाद्या जुन्या घड्याळात नवे क्वार्ट्झ यंत्र बसवले तर वेळ अधिक अचूक दिसेल, परंतु घड्याळजीच्या कामाचा पुरावा नाहीसा होईल. जुन्या वाहनांच्या संघटनांचा जागतिक महासंघ असलेल्या फिव्हाने २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली: विजेवर नेलेले वाहन ऐतिहासिक वाहन म्हणून गणता येणार नाही, आणि तरीही कोणी ते करणार असेल तर बदल उलटवता येण्यासारखे असावेत व काढलेले सर्व मूळ भाग खुणा करून सुरक्षित ठेवावेत. त्याच महासंघाच्या व्याख्येनुसार ऐतिहासिक वाहन किमान तीस वर्षांचे असते, ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत जपलेले असते आणि रोजच्या प्रवासाचे साधन नसते. म्हणजे आपला रोज कामावर जाण्याचा हेतूच त्या व्याख्येबाहेरचा आहे, हेही मला प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

पर्यावरणाच्या नावाने हे काम करणाऱ्यांसाठी मी एक हिशेब नेहमी मांडतो. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वर्षाला हजार किलोमीटर चालणारी मायनर ७५ लिटर पेट्रोल पिईल, म्हणजे पावणेदोनशे किलो. नवी बॅटरी बनवताना दर किलोवॅट-तासामागे साधारण ६० ते १०० किलो इतका वायू बाहेर पडतो, म्हणजे १६ किलोवॅट-तासांना एक ते दीड टन. सुटीच्या दिवशी फिरणाऱ्या गाडीला हे भरून काढायला सहा ते नऊ वर्षे लागतील, तीही चार्जिंगची वीज पूर्ण स्वच्छ आहे असे मानून. पण आपले रोजचे ४४ किलोमीटर वर्षाला साडेनऊ हजारांच्या पुढे जातात, पेट्रोल सातशे लिटरांहून अधिक लागेल, आणि बॅटरी वापरलेली घेतली तर तिच्या निर्मितीचा मोठा भार आधीच्या गाडीने उचललेला असेल. आपल्या बाबतीत हिशेब विजेच्या बाजूने पडतो. मला तो आवडत नाही, पण तो तसा आहे.

म्हणून माझी विनंती एवढीच की गाडीला एकही नवे भोक पाडू नये, एकही मूळ कंस कापू नये. ॲस्टन मार्टिनने २०१८ मध्ये आपल्या जुन्या डीबी६ साठी अशीच रचना दाखवली होती, जिच्यात विजेची सगळी यंत्रणा एका स्वतंत्र पेटीत असून ती मूळ इंजिन व गिअरबॉक्स जिथे टेकतात त्याच आधारांवर बसते. एवढ्या मोठ्या कंपनीला जे पाळावेसे वाटले, ते एका मायनरच्या मालकालाही पाळता येईल.

सारथी६५

दोघांचेही मनापासून आभार. ब्लॉक दाबाखाली तपासून घेण्याचे मला सुचलेच नव्हते. ते मी आधी करीन. मात्र चीर शिवता आली तरी रोजच्या वापरासाठी मी विजेकडे झुकतो आहे, कारण उभे राहून खराब झालेली गाडी मी पाहिली आहे आणि ती पुन्हा तशी होऊ नये असे वाटते. वडील ही गाडी रोज चालवत असत. ती रोज चालणे हाही तिच्या मूळपणाचाच एक भाग आहे असे मला वाटते. इंजिन विकणार नाही, टाकणारही नाही.

दोन गोष्टींची भीती उरली आहे. मी यांत्रिक कामे बऱ्यापैकी करतो, परंतु दोनशेहून अधिक व्होल्टच्या बॅटरीला हात लावण्याचा मला अनुभव नाही. दुसरे म्हणजे, वाहनाच्या कागदपत्रांचे काय होते?

विद्युत्मापक

मी यंत्रशाळेत उच्च दाबाच्या विजेवर काम करतो आणि सहा वर्षांपूर्वी एक छोटी जुनी गाडी स्वतः विजेवर नेली. आपली भीती योग्य जागी आहे. ती घालवण्याचा प्रयत्न न करता तिला नियमांत बसवावे.

विजेच्या वाहनांच्या सुरक्षिततेसाठी संयुक्त राष्ट्रांचा १०० क्रमांकाचा नियम आहे. त्यानुसार एकदिश प्रवाहाचे (डीसी) ६० व्होल्टपेक्षा अधिक काहीही उच्च दाबाचे समजले जाते. ३२ मॉड्यूल ओळीने जोडली की सुमारे २४० व्होल्ट होतात. हा दाब गाडीच्या पत्र्यापासून पूर्णपणे अलग राहिला पाहिजे; बारा व्होल्टचे दिवे-हॉर्न जसे एक तार पत्र्याला जोडून चालतात तसे इथे अजिबात चालत नाही. हे अलगपण मोजण्याचे परिमाणही त्या नियमात आहे: मोटरीची उलटसुलट प्रवाहाची (एसी) बाजू जोडलेली असताना दर व्होल्टमागे किमान ५०० ओहम, म्हणजे आपल्यासाठी एक लाख वीस हजार ओहम. चांगल्या जोडणीत प्रत्यक्ष आकडा यापेक्षा कितीतरी मोठा येतो. हा रोध सतत मोजणारे यंत्र बसवावे आणि त्याचा दिवा चालकाला दिसेल असा ठेवावा.

माझ्या गाडीतला अनुभव सांगतो. पहिल्या पावसाळ्यानंतर तो दिवा अधूनमधून लागू लागला. मी दोन आठवडे दुर्लक्ष केले, कारण गाडी सुरळीत चालत होती. शेवटी उघडून पाहिले तेव्हा बॅटरीच्या पेटीच्या झाकणाखाली सेलचे व्होल्टेज मोजणारी एक बारीक तार घासून तिचे आवरण गेले होते आणि तांबे धातूच्या कडेला टेकू लागले होते. दुसरी अशीच एक तार घासली असती तर दोन्हींमधला संपूर्ण दाब त्या केसाएवढ्या तारेतून वाहिला असता आणि पेटीच्या आत आग लागली असती. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक मोजणीच्या तारेला सेलजवळच स्वतंत्र फ्यूज आहे आणि पेटीच्या प्रत्येक कडेला रबराची किनार आहे. ही चूक माझ्याच हातची होती आणि ती कोणत्याही माहितीपत्रकात नव्हे, तर त्या छोट्या दिव्यामुळे सापडली.

पेटीत काय असावे तेही लिहितो. बॅटरीच्या दोन्ही टोकांना संपर्कयंत्र, म्हणजे मुख्य प्रवाह जोडणारे-तोडणारे काँटॅक्टर, असावेत, जे किल्ली बंद होताच किंवा धडक बसताच उघडतील. धडकेसाठी पेट्रोलच्या गाड्यांत पंप बंद करणारा जो स्विच वापरतात तोच चालतो. मधोमध हाताने ओढून काढता येणारा खटका असावा, म्हणजे काम करताना एकूण दाब दोन तुकड्यांत विभागला जातो. मुख्य फ्यूज एकदिश प्रवाहासाठी आणि पूर्ण दाबासाठी बनवलेलाच हवा, कारण एकदिश प्रवाहाची ठिणगी आपोआप विझत नाही. कंट्रोलरमध्ये वीज साठवणारे मोठे कपॅसिटर असतात. रिकामे असताना बॅटरीला ते जवळजवळ थेट जोडणीसारखे वाटतात आणि काँटॅक्टरची टोके वितळून चिकटतात. म्हणून आधी सुमारे ५० ओहमच्या रोधातून पाव-अर्धा सेकंद ते भरायचे आणि मगच मुख्य काँटॅक्टर लावायचा. चिकटलेला काँटॅक्टर म्हणजे किल्ली बंद करूनही जिवंत राहणारी गाडी. हा दोष बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याची तपासणी करणारी व्यवस्था कंट्रोलरमध्ये असल्याची खात्री करावी. उच्च दाबाच्या तारा नारिंगीच असाव्यात, सौंदर्यासाठी काळ्या करू नयेत. अपघातानंतर अग्निशमनाची माणसे त्या रंगावरून ओळखतात.

चार्जिंगचा विचार साधा ठेवावा. तीन किलोवॅटचा गाडीतला चार्जर रोज लागणारे सहा किलोवॅट-तास दोन-अडीच तासांत भरतो. जलद चार्जिंगसाठी गाडी आणि चार्जिंग केंद्र यांच्यात संदेशांची देवाणघेवाण करणारी वेगळी यंत्रणा लागते, आणि एवढ्या लहान, वापरलेल्या बॅटरीला तो प्रवाह सोसतही नाही. आपल्याकडे पाणी गोठण्याइतकी थंडी पडते असे आपण लिहिले आहे. शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज केल्यास आतल्या पट्टीवर धातूरूप लिथियम साचते आणि ती कायमची खराब होते. बॅटरीचे तापमान पाहून चार्जर रोखणारी व्यवस्था आणि पेटीत मंद तापक, दोन्ही ठेवावेत.

एक गोष्ट मायनरच्या बाबतीत राहून जाण्यासारखी आहे. तिच्या मूळ बारा व्होल्टच्या जोडणीत बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडलेले असते. डायनॅमो निघाल्यावर बारा व्होल्ट देण्यासाठी जो कन्व्हर्टर येईल, तो बहुधा ऋण टोक पत्र्याला असल्याचे धरून बनवलेला असतो. त्यामुळे आधी गाडीची ध्रुवता बदलून घ्यावी. दिवे व हॉर्नला फरक पडत नाही. जुना रेडिओ असेल तर मात्र तो जोडण्यापूर्वी तपासावा.

कागदपत्रांचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. फ्रान्सने २०२० मध्ये खास या कामासाठी नियम काढून पाच वर्षांहून जुन्या मोटारी विजेवर नेण्याची वाट कायदेशीर केली. इतर अनेक ठिकाणी प्रत्येक गाडीची स्वतंत्र तपासणी होते. कुठेही गेलात तरी तपासनीस तीन गोष्टी पाहतो: चाकांवरचे वजन, ब्रेक आणि विजेचे अलगपण. म्हणून काम सुरू करण्याआधी तपासणाऱ्या अभियंत्याला आराखडा दाखवावा, आणि प्रत्येक टप्प्यावर, पेटी बंद करण्यापूर्वी, छायाचित्रे काढून ठेवावीत. विम्याच्या कंपनीलाही लेखी कळवावे. पहिल्यांदा मुख्य जोडणी करताना शेजारी जाणकार माणूस असावा, हातात त्या दाबासाठी प्रमाणित रबरी मोजे असावेत आणि अंगठी व घड्याळ काढून ठेवलेले असावे.

जुनापाना

वरच्या प्रतिसादातील एकही ओळ गाळू नये. मी फक्त क्रम सुचवतो. आधी गंज: या गाडीला स्वतंत्र चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच वजन पेलतो. पुढच्या टॉर्शन बारची (पिळून स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्यांची) मागची टोके जिथे धरलेली असतात तो तळाचा आडवा तुळईसारखा भाग आणि मागच्या पाट्यांची टांगणी या दोन जागा टोकदार हत्याराने टोचून पाहाव्यात. तिथे पत्रा भुसभुशीत असेल तर बॅटरीचा विचार लांबणीवर टाकावा. मग ब्रेक. ब्रेकचा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली तळात असतो, त्यामुळे त्याच्यापर्यंत हात पोचेल अशी जागा सोडूनच तारांचा मार्ग ठरवावा. मूळ गाडीला ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम बूस्टर नाही, म्हणून इंजिन गेल्याने तिथे काही अडत नाही; डिस्क बसवल्यावर पेडल जड वाटले आणि बूस्टर घ्यावासा वाटला, तर मात्र विजेवर चालणारा पंप लागेल. मोटर सर्वांत शेवटी विकत घ्यावी. जुने आकडे मोजून झाले की तिची निवड आपोआप होते.

सारथी६५

ब्लॉक तपासून आला. चीर बाहेरच्या भिंतीपुरतीच आहे आणि शिवता येईल असे सांगण्यात आले. ती मी शिवून घेणार आहे, परंतु इंजिन सध्या गाडीत परत न बसवता ठेवून देणार आहे. आडवी तुळई डाव्या टोकाला गंजलेली निघाली. तिचे काम आधी होईल. चारही चाकांचे वजन इंजिनासकट मोजून लिहून ठेवले आहे. शिवलेले इंजिन दहा-पंधरा वर्षे चांगले राहावे यासाठी काय करावे, एवढे कोणी सांगितले तर आभारी राहीन.

जतनकर्ता

आपण इंजिन शिवून ठेवत आहात हे वाचून फार समाधान वाटले. ब्लॉकमधले पाणी तळाचा नळ उघडून पूर्ण काढावे आणि हवा मारून कप्पे कोरडे करावेत. मागच्या वेळची चूक इथेच झाली होती. जुने तेल बदलून नवे भरावे, कारण वापरलेल्या तेलातले आम्ल बेअरिंगना खाते. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे स्वच्छ तेल सोडावे, क्रँकशाफ्ट हाताने चार-सहा फेरे फिरवावा आणि प्लग परत लावावेत. कार्ब्युरेटरमधले पेट्रोल रिकामे करावे. इनलेट, एक्झॉस्ट आणि पाण्याची तोंडे तेलकट कागद व पट्ट्यांनी बंद करावीत. इंजिन लाकडी चौकटीवर, जमिनीपासून उंच ठेवावे आणि दर तीन महिन्यांनी क्रँकशाफ्ट सव्वा फेरा फिरवावा, म्हणजे प्रत्येक वेळी वेगळ्याच व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवर ताण राहील. काढलेला प्रत्येक बोल्ट कापडी पिशवीत, जागेच्या नावाच्या चिठ्ठीसह ठेवावा. इंजिनाचा क्रमांक, चाकांच्या वजनाचे आकडे आणि तपासणीचा अहवाल यांची एक प्रत त्याच चौकटीला, जलरोधक पाकिटात, बांधून ठेवावी.